खाडीपर्यंतचा ओटा

स्कूगेन, १९ मे १९८८

हाल्डिस,

तू गेल्याला आठवडा झाला. रविवारी फोनवर बोललो, त्याला बोलणं म्हणता येणार नाही. तू विचारलंस, "बरा आहेस ना?" मी म्हटलं, "हं." मागून तुझ्या बहिणीनं, बोरगिलनं, विचारलं, "काय म्हणतोय?" तू म्हणालीस, "हं म्हणतोय." म्हणून पत्र लिहितो. बोट रोज खाडी ओलांडतेच, तिच्या थैलीत एक पाकीट जास्त.

बॅग घेऊन तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस तेव्हा जे म्हणालीस, ते मी ऐकलं होतं. "चाळीस वर्षं या घरात डोंगराच्या सावलीत कॉफी पितेय. संध्याकाळी उन्हात बसायला एक जागा नाही. बोरगिलच्या गच्चीत बघ, ऊन जाता जात नाही." मी उत्तर दिलं नाही, कारण कुंपणाचं फाटक दुरुस्त करत होतो आणि तोंडात स्क्रू होते.

उत्तर असं आहे : जागा करतो. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर लाकडी ओटा बांधायला घेतला आहे. वखारीतून फळ्या आल्या. औषध मारलेलं पाईन, रुंद, गाठी कमी. ओटा झाला की ये.

एरलिंग


लीएन, २४ मे

एरलिंग,

तोंडात स्क्रू होते हे मला दिसत होतं. म्हणूनच तेव्हा बोलले. तोंड रिकामं असतं तर तू "बघू" म्हणाला असतास.

ओटा बांध. पण दाराबाहेर कशाला? तिथे दुपार टळली की सावली. आपली कॉफी जेवण झाल्यावर, सातला. सातला त्या दाराबाहेर मांजरसुद्धा बसत नाही.

आता सरळ सांगते, मागाहून "मला कळलं नाही" नको. लीएनच्या धक्क्यावर नवी इमारत झाली आहे. दोन खोल्या, पश्चिमेला गच्ची. एजंट ऑगस्टअखेर सही मागतो. सही केली तर मी परत येणार नाही. या वयात माणूस सामान दोनदा हलवत नाही. तोवर आपल्या घरी मला संध्याकाळची कॉफी उन्हात पिता आली, तर सही करणार नाही. एवढंच आहे. यात समजून घ्यायचं दुसरं काही नाही.

बोरगिलकडे तिच्या नवऱ्याची दुर्बीण आहे. तो जहाजं बघायचा, मी तुला बघते. काल तू उंबऱ्यापाशी पाणसळ ठेवून कितीतरी वेळ तिच्याकडे बघत उभा होतास. बुडबुडा मधे येईना का?

हाल्डिस


स्कूगेन, ६ जून

हाल्डिस,

बुडबुडा मधे होता. मधे असला की बघायला बरं वाटतं.

पहिला ओटा झाला. शेवटचा स्क्रू पिळत होतो तेव्हा सावली आधी माझ्या मनगटावर आली, मग स्क्रूवर. मी उठून पाहिलं. ऊन ओट्याच्या खाली, गवतावर होतं. म्हणून तिथे दुसरा ओटा केला, पायरीभर खाली. तो होईतो ऊन सफरचंदाच्या झाडाकडे गेलं. तिसरा ओटा झाडाभोवती आहे. खोडासाठी मधे गोल कापलं. झाडानं शर्टाची कॉलर लावल्यासारखं दिसतं.

सावली डोंगरावरून उतरते, घर ओलांडते आणि खाडीकडे चालत जाते. मला वाटायचं ती मधे कुठेतरी थांबत असेल. इथेच जन्मलो तरी हे माहीत नव्हतं. संध्याकाळी मी नेहमी शेडमध्ये असायचो.

चौथा ओटा ओड्वारच्या बटाट्यांत जाणार होता. शेजारी आहे, न विचारता कसं जाणार, म्हणून कुंपणापाशी गेलो.

"काय हे?" ओड्वार म्हणाला.

"ओटा."

"माझ्या बटाट्यांत?"

"ऊन तिथे आहे."

त्यानं डोंगराकडे पाहिलं. मग बटाट्यांकडे पाहिलं. "ते खरं," म्हणाला. "पण तिसरी ओळ सोड. ती लवकर येणाऱ्या बटाट्यांची आहे."

म्हणून चौथ्या ओट्यात एक लांब फट आहे. तिच्यातून पानं वर येतात.

एरलिंग


लीएन, १२ जून

एरलिंग,

चारही दिसतात. नवं लाकूड, पिवळंधमक. बोरगिल म्हणते, "तुझ्या घरानं आमच्याकडे बघून जीभ काढलीय." मी म्हटलं, तुझ्यावर काढली असेल, माझ्यावर काढायला त्याला कारण नाही.

इकडे संध्याकाळी गच्चीत ऊन असतं. खूप असतं. बोरगिल छत्री उघडते आणि छत्रीच्या सावलीत बसते. मी तिच्या बाहेर बसते. उन्हासाठी आले आहे तर उन्हात बसते.

एक विचारायचं आहे. तुझ्या ओट्यांवर कुणी बसत का नाही? चार रिकामे, आणि तू पाचव्याचे खड्डे खणतोयस. ओटा बसायला असतो, असं माझ्या आईनं मला शिकवलं.

हाल्डिस


स्कूगेन, २६ जून

हाल्डिस,

तेल लावलं आहे. वाळेपर्यंत पाय ठेवायचा नाही. जे वाळले त्यांच्यावर ऊन नाही. ज्याच्यावर ऊन आहे तो ओला आहे. सध्या हे असं चाललं आहे.

बसण्याची सोय केली आहे. प्रत्येक ओट्यावर एक बाक, जमिनीला पक्का, ऊन चेहऱ्यावर येईल अशा बेतानं.

नगरपालिकेची बाई येऊन गेली. तरुण आहे, बूट चांगले होते. घराला जोडलेला एवढा मोठा ओटा असेल तर परवानगी लागते म्हणाली. मी सांगितलं, हा एक ओटा नाही, सात आहेत. प्रत्येक सुटा, गुडघ्याखाली, दोहोंच्या मधे बोटभर फट. सुट्या, बुटक्या ओट्याला परवानगी लागत नाही. ती म्हणाली, "फट तपासावी लागेल." तिनं फटीत बोट घालून पाहिलं. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या. पाचव्या फटीत बोट अडकलं. ओड्वार घरी जाऊन लोणी घेऊन आला. तोपर्यंत ती ओणवी बसून माझ्याशी हवेबद्दल बोलली. बोट निघाल्यावर तिनं कागदावर लिहिलं, "फट आहे."

जाताना म्हणाली, "पण आजोबा, हा ओटा जाणार कुठे?"

"उन्हात," मी म्हटलं.

"असं होय," म्हणाली, आणि सायकलवर बसली.

एरलिंग


लीएन, १ जुलै

एरलिंग,

ती कोण आहे?

सहाव्या ओट्यावर. पिवळी हॅट माझी आहे. निळा कोट माझा आहे. तुझ्या बाकावर डोंगराकडे तोंड करून बसते, त्यामुळे इथून फक्त पाठ दिसते. परवा पाचव्यावर होती. संध्याकाळभर हलत नाही. तू तिच्यापाशी वाकतोस, तिच्या गालाशी हात नेतोस, मग उभा राहून बोलतोस. बराच वेळ बोलतोस. हातवारे करतोस! तुला हात आहेत हेच मी विसरले होते.

बोरगिल म्हणते, ओड्वारची मेहुणी असेल, स्टाव्हांगरची विधवा. बांधा तसाच आहे म्हणते. मला बांधा वगैरे काही विचारायचं नाही. मला नाव सांग.

हाल्डिस


स्कूगेन, ४ जुलै

हाल्डिस,

कुणी नाही.

आठव्या ओट्याला कठडा लावला.

एरलिंग


लीएन, ५ जुलै

एरलिंग,

कुणी नाही, ती माझा कोट घालून बसली आहे. ओल्या तेलावर बसली आहे. मला लिहिलंस, पाय ठेवायचा नाही. तिला चालतं?

गुरुवारी एजंटला भेटते आहे.

हाल्डिस


स्कूगेन, ६ जुलै

हाल्डिस,

एजंटला भेटू नकोस. हे पत्र आजच्या बोटीवर स्वतः नेऊन देतो.

तो खांब आहे. गवत वाळत घालायचा जुना खांब, शेडमागे पडून होता.

सुरुवातीला मी ऊन फळीवर बघत होतो. पण फळीच्या उंचीवर कुणी कॉफी पीत नाही. सावली फळीवर आली तरी बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ऊन अजून असतं. म्हणून तू बसलीस की चेहरा कुठे येतो, ते हवं होतं. स्वयंपाकघरात तुझ्या खुर्चीमागे भिंतीवर डाग आहे, तू डोकं टेकतेस तिथे. त्या उंचीचा खांब कापला. खांद्यांसाठी आडवी पट्टी मारली. नुसत्या लाकडावर सावलीची कड नीट दिसेना, म्हणून कोट घातला. कोट घातल्यावर वर काही नाही, ते बघवेना. म्हणून हॅट.

गालाशी हात नसतो. घडीची पट्टी असते.

बोलतो ते मोजमाप. बहुतेक मोजमापच.

लाज वाटली म्हणून आधी लिहिलं नाही. तुझ्या बहिणीला सांगू नकोस.

एरलिंग


लीएन, १२ जुलै

एरलिंग,

बोरगिलला सांगितलं. ती जिन्यावर बसून हसली. मग मीही. मग ती म्हणाली, "माझ्या उंचीचा खांब कुणी कापला नसता गं," आणि भांडी घासायला गेली.

एजंटला भेटले नाही. त्याच्या दारापर्यंत गेले होते, पत्र पर्समध्ये होतं.

तुझं माप चुकलं आहे. तो डाग माझ्या अंबाड्याचा. अंबाडा मी परवाच्या वर्षी कापला. तुला कुणी सांगितलं नाही वाटतं. त्या डागाच्या खाली दुसरा असेल, फिकट. तो आताचा. आणि खांद्यांची पट्टी कमी कर. दुर्बिणीतून मी बैलासारखी दिसते.

हाल्डिस


स्कूगेन, २९ जुलै

हाल्डिस,

फिकट डाग सापडला. खांब कापला, पट्टीही कापली. केस चांगले दिसत असतील.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली. मी सगळी आखणी जूनमध्ये केली. जून सरला की दिवस उतरायला लागतो हे शाळेत शिकवलं होतं. मला ते येतंही होतं. फक्त ओट्याला लावून पाहिलं नव्हतं. आता सावली रोज आदल्या दिवसाहून लवकर निघते. जिथे तुझ्या कॉफीला ऊन होतं, तिथे परवापासून नाही. मला तिच्या पुढे राहायला हवं. अकरावा ओटा रस्त्याला टेकला. रस्त्यावर बांधता येत नाही, म्हणून बारावा पलीकडून सुरू होतो. मधून दुधाची गाडी जाते. चालक थांबून "जाऊ का?" विचारतो. मी हो म्हणतो.

दुसरी. गावाला वाटतं तू परत आली आहेस.

मी कुणाला तसं सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. इथे कोण कुणाला विचारतं. ते लांबून मान हलवतात आणि पुढे जातात. खांब मान हलवत नाही, पण वारा असला की हॅट हलते. पहिल्यांदा पाद्री बसला, जरा अंतर ठेवून, बाकाच्या दुसऱ्या टोकाला, दोघांची तोंडं डोंगराकडे. मी रस्त्यापलीकडे फळ्या कापत होतो. तो अर्धा तास बोलला. सांगायला धावलो, पण जवळ गेलो तेव्हा तो रडत होता. मग मधे पडणं बरं दिसेना. उठताना त्यानं कोटाच्या बाहीवर थोपटलं आणि म्हणाला, "तुम्ही उगाच धीर देत नाही, हे बरं केलंत."

त्याच्या मागून महिला मंडळ आलं. शरदातल्या बाजारात वॉफल ठेवायचे की केक, यावर त्यांचं वसंतापासून भांडण आहे, तुला माहीत आहे. दोन्ही गट दोन दिवशी येऊन आपलं म्हणणं मांडून गेले. तिनं कुणाचीच बाजू घेतली नाही. शुक्रवारी नवव्या ओट्यावर सभा झाली आणि तुला एकमतानं अध्यक्ष केलं. हरकत आहे का विचारलं, तू हरकत घेतली नाहीस. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण टाळ्या वाजून गेल्या होत्या.

मंडळाचं पत्र सोबत जोडलं आहे.

एरलिंग


लीएन, ८ ऑगस्ट

एरलिंग,

मंडळाचं पत्र वाचलं. "या उन्हाळ्यात हाल्डिसच्या ठायी जो समंजसपणा आम्हां सर्वांना दिसून आला." तीस वर्षं मी त्या मंडळात वॉफल भाजले. हात भाजले. मला कधी टाळी मिळाली नाही.

बोरगिलला बोटीवर कुणीतरी भेटलं. म्हणाली, "तुझी बहीण घरी गेली ते फार छान झालं, काय शांत झालीय!" बोरगिल घरी आली, माझ्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मग तू कोण?" ती थट्टा करत होती. मी त्या दिवशी जेवले नाही.

मला एक उत्तर दे. तुला मी हवी आहे, की तिथे बसलेलं कुणीतरी? खांब तक्रार करत नाही. त्याला कॉफी लागत नाही. पाद्री खूश, मंडळ खूश, आणि तू बोलायला लागलास. मी आले तर गावाचा एक चांगला अध्यक्ष जाईल. एवढाच फरक पडेल.

एजंटनं कागद आणून दिले. टेबलावर आहेत. पेन बोरगिलनं शेजारी ठेवलं. तिला वाटतं ती मदत करते आहे.

हाल्डिस


लीएन, १९ ऑगस्ट

एरलिंग,

तुझं उत्तर आलं नाही. काल मीच आले.

दुपारच्या बोटीनं. तू घरी नव्हतास, ओड्वारच्या अंगणातून ट्रॅक्टरही गेलेला होता, म्हणजे दोघं वखारीत. खांब अगदी शेवटच्या ओट्यावर होता, धक्क्याला लागून. मी त्याचा कोट काढला, हॅट काढली, अंगावर घातली आणि त्याला पलीकडच्या झुडपात आडवा केला. हलका आहे. मी त्याला जड समजत होते.

मग त्याच्या जागी बसले.

बोटीतून उतरणाऱ्यांनी मान हलवली. मी हलवली नाही. वॉफलवाल्या गटातली सिग्ने आली. एक बरणी माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "तू आमच्याच बाजूची आहेस, मला ठाऊक आहे." जाम चांगला आहे, साखर जास्त. मग ओड्वार ट्रॅक्टर लावून आला. शेजारी उभा राहिला. म्हणाला, "वारा सुटलाय." मी गप्प. तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं," आणि गेला. चाळीस वर्षांत त्यानं मला बरोबर म्हटलं नव्हतं.

मग तू आलास.

फळ्या खाली ठेवल्यास. पट्टी उघडलीस, माझ्या गालाशी धरलीस. तुझ्या हाताला तेलाचा वास येत होता. सावली कोटाच्या दुसऱ्या बटणावर होती, चेहऱ्यावर ऊन होतं, आणि कॉफीची वेळ होती. म्हणजे तुझं काम झालं होतं, एरलिंग. मी म्हटलं होतं तशी जागा झाली होती. कॉफी नव्हती, पण जागा होती. तू म्हणालास, "हं."

वाटलं, आता फळ्या उचलून जाशील. तू हत्यारांच्या पेटीवर बसलास. म्हणालास, "मी अजून बटाटे दोघांचेच उकडतो. उरलेले ओड्वारची कोंबडी खाते. ती आता मला बघून धावत येते." पट्टीची घडी घातलीस. मग म्हणालास, "हाल्डिस, एवढी वर्षं झाली, मी तुला कधी विचारलंच नाही. तुला ऊन तोंडावर हवं असतं की पाठीवर?"

आणि थांबलास. टोपी काढून हातात धरलीस. मला वाटलं थांबला आहेस तर उत्तर द्यावं. पण तू खांबाला विचारत होतास. खांबाच्या वतीनं मी उत्तर देत नाही. तू करवत घेऊन वर गेलास. मी खांब जागेवर उभा केला, त्याला कपडे घातले आणि शेवटच्या बोटीनं परत आले. बरणी घेऊन आले.

एजंट सोमवारी येणार आहे.

हाल्डिस


स्कूगेन, २० ऑगस्ट

हाल्डिस,

मला माहीत होतं.

खांब मला आधी भेटला. फळ्या घेऊन झुडपाच्या बाजूनं येत होतो, पाय अडकून पडलो. उठून पाहिलं तर खांब इथे, आणि तू तिथे. फळ्या पुन्हा खांद्यावर घेतल्या. तुझ्यापर्यंत यायला एरवी लागतो त्याहून जास्त वेळ लागला.

तुझ्या आठ तारखेच्या पत्राला उत्तर लिहीत होतो. चार कागदांवर "हाल्डिस" लिहिलं आहे. त्याच्या पुढे काही नाही. ते कागद ड्रॉवरमध्ये आहेत.

तू समोर आहेस हे कबूल केलं असतं तर मी "बरी आहेस ना?" विचारलं असतं. तू "हं" म्हटलं असतंस. मग मी कठड्याबद्दल बोललो असतो. तू नाहीस असं धरलं, म्हणून जमलं. तू हलली नाहीस याबद्दल आभार. गालाशी पट्टी धरली तेव्हा तू श्वास रोखला होतास. खांब श्वास रोखत नाही. तेवढ्यानं मला पुढचं बोलता आलं.

तू विचारलंस, मी हवी की बसलेलं कुणीतरी. बसलेलं कुणीतरी दोन महिने माझ्याजवळ होतं. त्याच्याशी मी खूप बोललो. घरी येऊन दार लावलं की ते बोलणं कुठेच गेलेलं नसायचं.

तू हवी आहेस.

ओटा आता पुढे नेता येत नाही. पुढे पाणी आहे. सप्टेंबरात सावली धक्क्यावर येईल आणि मग लीएनकडे जाईल, त्याला माझ्याकडे इलाज नाही. तेव्हा कॉफी सावलीत होईल. हे आधीच सांगतो, सही करायची की नाही ते ठरवताना धरायला हवं.

आज खांबाचा कोट काढला. घडी घालून तुझ्या कपाटात ठेवला. पाद्री संध्याकाळी आला, रिकामा बाक पाहून थोडा घुटमळला, मग म्हणाला, "आत गेल्या का?" मी म्हटलं, "नाही. अजून आलीच नाही." तो माझ्याकडे बघत राहिला. मग बाकाच्या टोकाला बसला, मला जागा ठेवून.

परवा जे विचारलं ते आता तुला विचारतो. तोंडावर की पाठीवर?

एरलिंग


लीएन, २२ ऑगस्ट

एरलिंग,

पाठीवर.

कायम पाठीवर. तोंडावर ऊन आलं की डोळे मिटावे लागतात, आणि उघडले तर समोर तो डोंगर. चाळीस वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्याकडेच बघतेय. मला पाणी बघायचं असतं. बोट येताना बघायची असते, कोण उतरतं ते. तू बाक उलटे लावलेस. सगळेच्या सगळे उलटे. मी त्या दिवशी बसले तेव्हाच सांगणार होते.

सप्टेंबराचं मला माहीत होतं. मीही त्याच शाळेत होते, तुझ्या पुढच्या बाकावर.

कागद एजंटला परत दिले. तो म्हणाला, "पण बाई, पश्चिमेची गच्ची आहे!" मी म्हटलं, मला पूर्वेकडे तोंड करून बसायचं आहे. त्यानं इमारतीचा नकाशा फिरवून पाहिला.

मंडळाला मी स्वतः सांगेन. अध्यक्षपद सोडणार नाही. फक्त यापुढे अध्यक्ष बोलतील. आणि केक ठेवायचा आहे.

शनिवारी दुपारच्या बोटीनं येते. धक्क्यावरचा बाक तोवर फिरवून ठेव. बाकीचे राहू देत, ते आपण हिवाळा लागायच्या आत एकेक करून फिरवू. तू उपट, मी समोर बसून सांगते कुठे.

हाल्डिस